दुसऱ्याच्या हातातलं

या वेळची तीन पत्रं तीन गावांची आहेत, पण तिन्हींत ‘नशीब’ हा शब्द आहे, म्हणून एकत्र घेते. पहिलं पत्र आठ पानी होतं, ते आटोपशीर केलंय. बाकीची जवळपास जशीच्या तशी आहेत.

प्रश्न : मॅडम, सादर नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला. वय ४१. अडीच एकर द्राक्षबाग, सुपर सोनाका वाण. दोन हंगाम वाया गेलेत. परवाच्या साली छाटणी १५ सप्टेंबरला घेतली, तर ऑक्टोबरच्या पावसात डाऊनी ही बुरशी आली आणि घड जिरले. त्यातनं शहाणा होऊन गेल्या साली १० ऑक्टोबरला घेतली, तर नोव्हेंबरअखेरच्या पावसानं बाग ऐन फुलोऱ्यात गाठली. निम्मा माल गेला. बांधाला बांध लागून चुलतभावाची बाग आहे. त्यानं दोन्ही वर्षी २५ सप्टेंबरला छाटणी घेतली आणि दोन्ही वर्षी वाचला. त्याआधी, दोन वर्षांपूर्वीच्या मार्चात, एका व्यापाऱ्यानं ३ लाख १० हजारांचा माल नेला. चेक वटला नाही, फोन बंद. मेहुणा पुण्यात कंपनीत आहे. तो रोज व्हिडिओ पाठवतो, माणसानं मनात आणलं तर काय पण होतं म्हणून. सासूबाई म्हणतात विहीर चुकीच्या दिशेला आहे, ११ हजारांत शांत करून मिळेल. बायको म्हणते नशीब. मी रात्री दोनला उठून शेतीची डायरी काढतो आणि १० ऑक्टोबरचं पान उघडून बसतो. मेहुणा खरा का सासूबाई, आणि माझं चुकलं का नशीब फुटकं, एवढं सांगा.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. सवय आहे. एकतीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं बीएच्या मुलींकडून एक प्रश्नावली भरून घेतली. ज्युलियन रॉटर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं ती १९६६ साली छापली. वाक्यांच्या २९ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक वाक्य निवडायचं. जोड्यांचा सूर असा, की एकीकडे माणसाच्या आयुष्यात जे होतं ते त्याच्या करणीनं, दुसरीकडे जे होतं ते योगायोगानं किंवा दैवानं. त्यातल्या सहा जोड्या नुसत्या भरताड, कशाचा शोध चाललाय हे कळू नये म्हणून घातलेल्या. उरलेल्या २३ वर गुण. त्यावरून ठरवायचं की ही मुलगी आयुष्याची दोरी आपल्या हातात आहे असं मानते की बाहेर कुठे तरी आहे असं.

आणि मी दरवर्षी लाल पेननं काय लिहायचे? ‘बाह्य नियंत्रण. प्रयत्नवाद वाढवावा.’ जणू काही रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालंय. विश्रामबागच्या बंगल्यांतल्या मुली बहुतेक ‘आतल्या’ निघायच्या, दुष्काळी जत-आटपाडीकडच्या ‘बाहेरच्या’. मला त्यात काही खटकायचंही नाही. मग एका वर्षी जतच्या एका मुलीनं कागद तसाच परत आणला आणि म्हणाली, “मॅडम, पाऊसच पडला नाही तर ह्यात कुठं टिक करायची?” वर्ग हसला. मी पण हसले. घरी आल्यावर हसू गेलं.

गंमत म्हणजे खुद्द रॉटरनं १९७५ मध्ये लिहून ठेवलंय की ‘आतली’ माणसं चांगली आणि ‘बाहेरची’ वाईट असा अर्थ कुणी काढू नये. तो लेख मी तोवर वाचलाच नव्हता. त्या मुलीमुळे वाचला. त्याच सुमाराला हॅना लेव्हेन्सन या बाईंनी आणखी एक कामाची गोष्ट केली होती. त्या म्हणाल्या, ‘बाहेरचं’ म्हणून एकाच पोत्यात सगळं भरू नका. त्यात दोन वेगळे जिन्नस आहेत. एक योगायोग. दुसरा म्हणजे ज्यांच्या हातात सत्ता, पैसा किंवा किल्ल्या आहेत ती माणसं. पावसानं माल जाणं आणि व्यापाऱ्यानं माल बुडवणं, दोन्ही तुमच्या हाताबाहेरचं. पण पावसाला नोटीस पाठवता येत नाही.

म्हणून तुमच्या पत्रावर मी पेन्सिलीनं तीन रकाने आखले.

पाऊस. छाटणीपासून फुलोरा यायला पस्तीस-चाळीस दिवस तरी लागतात, हे तुम्ही मला शिकवाल. १० ऑक्टोबरला छाटणी घेताना २० नोव्हेंबरनंतर पाऊस येणार हे सांगलीत कुणाला माहीत होतं? कुणालाच नाही. तुमच्या चुलतभावालाही नव्हतं. त्यानं आपली नेहमीची तारीख धरली, ती दोन वर्षं लागू पडली. तुम्ही आदल्या वर्षाचा अनुभव घेऊन तारीख बदलली. दोघांत डोकं जास्त तुम्ही वापरलंत, असं मी म्हणेन. फळ त्याला मिळालं. डायरीतलं ते पान रात्री दोनला वाचताना तुम्ही नोव्हेंबरचा पाऊस माहीत असलेला माणूस म्हणून वाचता. ज्यानं ते लिहिलं त्याला तो माहीत नव्हता. त्याच्यावर खटला भरू नका.

या रकान्यातही थोडंसं आपलं असतं. अडीच एकर एकाच तारखेला छाटायची की एक एकर सप्टेंबरअखेर आणि दीड एकर दोन आठवड्यांनी? मजूर टोळी दोनदा बोलवावी लागेल, फवारण्यांचं गणित वाढेल, हे मला माझ्या भाच्यानं सांगितलं, त्याची बाग सावळजला आहे. पण दोन्ही तुकडे एकाच पावसात सापडणं अवघड. आणि हवामानावर आधारित फळपीक विमा काढला होता का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्यात मोजमाप तुमच्या बागेतल्या पावसाचं होत नाही, मंडलातल्या हवामान केंद्रावरच्या पावसाचं होतं, म्हणून शेतकरी वैतागतात आणि ते वैतागणं खरं आहे. तरी काढा.

आता व्यापारी. आठ पानांत त्याला तुम्ही चार ओळी दिल्यात आणि १० ऑक्टोबरला तीन पानं. हे मला सगळ्यात बोचलं. तीन लाख दहा हजार रुपये बुडवणारा माणूस तुमच्या मनात ‘नशीब’ या खात्यावर जमा झालाय, कारण त्याच्यामागे लागायचं म्हणजे तालुक्याला खेपा, वकील, साक्षीदार. नशिबावर टाकलं की निदान खेपा वाचतात. चेक परत आल्याचा बँकेचा कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवायची असते. तुम्ही पाठवली नसेल तर तो रस्ता आता बहुधा बंद झालाय. पण विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. तुमची दोन गेली. चेक, वजनाच्या पावत्या, मोबाइलवरचे निरोप, सगळं घेऊन या महिन्यातच वकील गाठा. आणि त्या व्यापाऱ्यानं एकट्या तुमचाच माल नेला नसणार. गावात अजून दोघं-तिघं निघतील, लाजेपोटी गप्प बसलेले. त्यांना आधी गाठा.

तिसरा रकाना तुमचा स्वतःचा. त्यात मला सापडलं ते एवढंच, की चेक हातात पडल्यावर गाडी सोडलीत, पैसे खात्यात पडल्यावर नाही. ही चूक म्हणा हवं तर. पण हंगामात शंभरातले किती जण वेगळं करतात?

मेहुणा आणि सासूबाई यांच्यात कोण खरं, असं तुम्ही विचारता. मला तर दोघं एकाच दुकानातले वाटतात. सासूबाई दैववादी आणि मेहुणा प्रयत्नवादी, असं वरवर दिसतं. नीट बघा. सासूबाई काय म्हणतायत? ११ हजार भरा, विहिरीचं शांत करा, मग सगळं सुरळीत. म्हणजे त्याही तुम्हाला एक खटकाच विकतायत, दाबला की संकट बंद. मेहुण्याचा खटका फुकट आहे, एवढाच फरक. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणाऱ्या माणसाला मनात आणलं की बरंच काही होतं असं वाटणं साहजिक आहे. त्याच्यावर रागावू नका. फक्त आवाज बंद करून ठेवा.

आता स्वतःचं सांगते, कारण मी रकाने आखून मोकळी झाले असं तुम्हाला वाटेल. माझं माहेर-सासर दोन्ही सांगलीचं, घर गावभागात. २००५ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५३ फुटांच्या पुढे गेली तेव्हा आमच्या बैठकीच्या खोलीत पाणी शिरलं. ओसरल्यावर ह्यांनी भिंतीवर तेलरंगाची निळी रेघ ओढली, तारीख लिहिली. त्यानंतर आम्ही घरातली प्रत्येक मोलाची वस्तू त्या रेघेच्या वीतभर वर ठेवायला लागलो. फळ्या ठोकल्या, पोटमाळा केला. पाहुण्यांना मी ती रेघ दाखवायचे आणि सांगायचे, आता कितीही येऊ दे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्या वर गेलं.

त्या आठवड्यात सांगलीत कुणीही कुणाला ‘जेवलात का’ विचारत नव्हतं. ‘आयर्विनला किती?’ एवढंच. मी रात्रभर फोनवर फूट आणि इंच बघत होते, कोयनेतून किती क्युसेक सोडले ते बघत होते. दर पंधरा मिनिटांनी. मी बघितल्यानं पाणी काही कमी होणार नव्हतं, पण न बघता बसवत नव्हतं. शेवटी बोटीतून निघालो. परत आलो तेव्हा पोटमाळ्यावरचे प्रश्नावल्यांचे गठ्ठे भिजून विटांसारखे झाले होते. वर्षानुवर्षांच्या मुलींनी केलेल्या खुणा. लाल पेनाची शाई गुलाबी होऊन पसरली होती. ते गठ्ठे ट्रॅक्टरमध्ये टाकताना शेजारच्या काकू म्हणाल्या, “नशीब म्हणायचं.” आणि मी त्यांच्यावर ओरडले. “नशीब कसलं? मी आधीच मिरजेला नेऊन ठेवायला हवे होते!” पुढचे दोन महिने मीही तुमच्यासारखीच एक पान उघडून बसले होते. माझं पान म्हणजे ती निळी रेघ.

त्यातून बाहेर कशी आले ते फार साधं आहे. घरात एक आकडा ठरवला. आयर्विनला ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. आम्ही ठरवलं, ४० झाले की निघायचं. चर्चा नाही, रेघ बघायची नाही, मिरजेला बहिणीकडे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा आम्ही पिशव्या उचलल्या आणि गेलो. घरात पाणी आलंच, गादी गेली, फ्रिज गेला. पण मला त्या रात्री झोप लागली. फोन बहिणीच्या ओट्यावर पडून होता.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी अमेरिकेत गोंगाटावर केलेले प्रयोग यावरून आठवतात. लोकांना कर्कश आवाजात बसवलं. काहींच्या हाताशी एक बटण दिलं, असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. आवाज सगळ्यांनी सारखाच ऐकला, पण बटण असलेल्यांनी पुढची कामं कमी चुका करत, जास्त चिकाटीनं केली. वर्गात हा प्रयोग मी पाठ म्हणून दाखवायचे. त्याचा अर्थ मिरजेत कळला. माझं बटण ४० फुटांचं होतं. पुराचं नाही, माझ्या पायांचं.

तर तुम्ही तुमचे आकडे ठरवा. किती तारखेपर्यंत छाटणी झालीच पाहिजे, किती रक्कम खात्यात आल्याशिवाय गाडी सुटणार नाही, किती सालं तोटा झाला की अर्धा एकर दुसऱ्या पिकाखाली घालायचा. बायकोला घेऊन बसा आणि दिवसाउजेडी ठरवा, रात्री दोनला नाही.

आणि एक सरळ विचारते, राग मानू नका. रात्री ती डायरी घेऊन बसता तेव्हा जगणं नकोसं झाल्याचा विचार येतो का? येत असेल तर तो बायकोला किंवा मित्राला शब्दांत सांगा, आणि १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलतात. उद्यावर ढकलू नका. पुढचं पत्र लिहिलंत तर विमा काढला का आणि वकील काय म्हणाला, तेवढं कळवा.

प्रश्न : ताई, माझा मुलगा २७ वर्षांचा. चार वर्षं पुण्यात अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करतोय. दोनदा पूर्व परीक्षा पास झाला, गेल्या वेळी मुख्यला तीन गुणांनी राहिला. आता म्हणतो, आई, माझं नशीबच नाही. त्याचे वडील म्हणतात, नशीब-बिशीब काही नसतं, अभ्यास कमी पडला. दोघांची बोलचाल बंद आहे. मी कुणाची बाजू घेऊ? — एक आई, बार्शी

उत्तर : पूर्व परीक्षा पास झाला तेव्हा तो काय म्हणाला होता, आठवतंय? मी पैजेवर सांगते, ‘नशीब चांगलं’ म्हणाला नसेल. रात्रीचा दिवस केला असंच म्हणाला असेल. आपण सगळेच असे. यश आलं की आपलं, अपयश आलं की ग्रहांचं. आत्ता त्याच्या तोंडी ‘नशीब’ हा शब्द मलमपट्टी आहे. ओली जखम असताना ती ओढून काढायची नसते, आणि त्याचे बाबा नेमकं तेच करतायत. त्यांना म्हणायचंय, ‘तुझ्यात कुवत आहे, अजून होईल.’ मुलाला ऐकू येतंय, ‘तू आळशी आहेस.’

तीन गुण म्हणजे काय हो? एखादा प्रश्न कालच वाचलेल्या पानावरचा येणं किंवा न येणं. लाखो मुलं आणि मूठभर जागा असतील तिथे रेघेच्या अलीकडे-पलीकडे योगायोग असतोच. तो मान्य केल्यानं प्रयत्नांचा अपमान होत नाही. शिवाय या परीक्षेत तिसरा हातही आहे. मुख्य परीक्षेचं स्वरूप बदलून लेखी करायचं आयोगानं ठरवलं, ते मुलांनी ठरवलेलं नव्हतं. २०२३ च्या फेब्रुवारीत पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि नवी पद्धत २०२५ पासून लागू करायचं ठरलं, हे मात्र मुलांमुळे झालं. एकट्याच्या हातात नसलेलं कधी कधी हजारांच्या हातात येतं.

तुम्ही बाजू कुणाचीच घेऊ नका. त्याला जेवायला वाढताना एवढंच विचारा की अजून किती प्रयत्न, आणि ते झाल्यावर काय. उत्तर त्याचं त्याला ठरवू द्या, तुम्ही फक्त कॅलेंडरवर लिहून ठेवा. वरच्या पत्रातला माझा ४० फुटांचा किस्सा वाचायला दिलात तरी चालेल. बाबांनी मात्र तोवर अभ्यास हा शब्द उच्चारायचा नाही. हे त्यांना माझ्या नावावर सांगा.

प्रश्न : हसू नका. २ एप्रिल २०११ ला धोनीनं षटकार मारला तेव्हा मी स्वयंपाकघरात कुकर लावत होते. तेव्हापासून भारताची मोठी मॅच असली की आमचे हे मला बाहेर येऊ देत नाहीत. १९ नोव्हेंबर २०२३ ला मी सबंध दुपार-संध्याकाळ आत काढली, तरी हरलो. ह्यांचं म्हणणं, मी एकदाच पाणी द्यायला बाहेर आले आणि तेव्हाच कोहली बोल्ड झाला. २९ जून २०२४ ला मी नाशिकला बहिणीकडे सोफ्यावर बसून सगळी मॅच बघितली आणि जिंकलो. त्यावर हे म्हणतात, नाशिक चालतं. नशीब वगैरे मी मानत नाही, पण आता मलाच धाकधूक वाटते. काय करू? — डोंबिवली

उत्तर : हसले. माफ करा.

एलन लँगर यांनी १९७५ मध्ये एक मजेशीर प्रयोग छापला. कचेरीतल्या लोकांना एक-एक डॉलरची लॉटरीची तिकिटं विकली. काहींना तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींच्या हातात ठेवलं. सोडतीआधी विचारलं, परत विकायचं तर किती घ्याल? ज्यांना दिलं होतं त्यांनी सरासरी १.९६ डॉलर मागितले. ज्यांनी स्वतः निवडलं होतं त्यांनी ८.६७. लॉटरी तीच, बक्षिसाची शक्यता तीच. आपल्या बोटाचा स्पर्श झाला की वस्तू आपल्या ताब्यात आली असं वाटतं. तुमच्या यजमानांनी तुम्हाला निवडून स्वयंपाकघरात ठेवलंय, मग भाव वाढणारच.

बिचाऱ्यांचं दुःखही समजून घ्या. आठ तास जीव टांगणीला लागलाय, बॅट दुसऱ्याच्या हातात, आणि घरात हलवता येण्यासारख्या वस्तू दोनच, रिमोट आणि तुम्ही. पण त्यांच्या शास्त्रात एक मोठी त्रुटी आहे. आजवर प्रयोग फक्त तुमच्यावर झाले. त्यांना आत ठेवून काय होतं, याची एकही नोंद नाही. पुढच्या फायनलला तुम्ही सोफ्यावर बसा आणि त्यांना कांदाभजी तळायला आत पाठवा. जिंकलो तर नियम ठरला. हरलो तर एका मॅचवरून काही सिद्ध होत नाही, प्रयोग चालू ठेवायचा. निदान २०११ पासूनचा हिशोब फिटेपर्यंत.